कीर्द तीच, खतावणी नवी

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका चादरींच्या दुकानात वडील दिवाणजी होते. शाळा सुटली की मी त्यांच्या गादीपाशी जाऊन बसायचो. दिवसभराचे व्यवहार कीर्दीत, घडले तसे एकाखाली एक. दुकान थंडावलं की खतावणी. लाल कापडी बांधणीची वही, गिऱ्हाइकागणिक वेगळं पान. कीर्दीतली ओळ डाव्या बोटाखाली धरायची, पान काढायचं, नावे की जमा ते पाहून रक्कम उतरवायची, मग कीर्दीत खातेपानाचा आकडा टाकायचा. आकडा पडला नाही तोवर ती ओळ वडिलांच्या लेखी उघडीच. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की या कामाला रात्रीचे दहा वाजायचे.

आज तेच काम मी सर्व्हरवर करतो. मायएसक्यूएलकडून क्वेरीचं उत्तर येतं तेही कीर्दच: एकाची सात बिलं असली की त्याचं नाव सात ओळींत सात वेळा. मोबाइलच्या पडद्याला मात्र खतावणी लागते. म्हणून पीएचपीत रिकामा ॲरे घ्यायचा, एकेक ओळ वाचायची, गिऱ्हाइकाचं पान नसेल तर उघडायचं, असेल तर बिल त्यात टाकायचं आणि शेवटी सगळ्याचं जेसन करून पाठवायचं. पोस्टग्रेसमध्ये 2013 पासून, मायएसक्यूएलमध्ये 2018 पासून हे डेटाबेसलाच सांगता येतं. तरी मला लूप बरा वाटतो. कुठली ओळ कुठल्या पानावर गेली ते डोळ्यांना दिसतं.

पहिल्या खेपेला मी नावावरून गट पाडले. वडिलांनी यादी पाहिली आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. "पाटलांची एवढी बाकी कशी? एक बार्शीचे, एक अक्कलकोटचे. नुसत्या नावावर खातं उघडतात होय रे?" त्यांच्या वहीत नावापुढे गाव असायचंच, आणि हिशेब चालायचा खातेपानाच्या आकड्यावर. त्या रात्री मी नाव काढून ग्राहक क्रमांकाची की लावली.

हजार ओळींचे गट आता डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतात. पण पानं उलटता उलटता वडिलांना जे दिसायचं, ते या वेगात हरवलं याची मला खरोखर हळहळ वाटते. "यांचं दिवाळीपासून काहीच नाही," असं ते मालकांना सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी पोस्टकार्ड जायचं.

मी प्रत्येक गटात शेवटच्या बिलाची तारीख घातली आहे. चार महिने उलटले की नाव लाल होतं. संध्याकाळी वडील माझा फोन मागून घेतात आणि आधी लाल नावं वाचतात.