वीस सेकंदांची माफी

लहानपणी इंजिन ड्रायव्हर व्हायचं ठरवून पुढे बँकेत चिकटलेल्या माणसांची शिरगणती अजून कोणी केलेली नाही. केली तर सरकारला त्यांच्यासाठी निराळं खातं काढावं लागेल. त्यातही आम्हा महाडकरांचं कौतुक जास्त, कारण आमच्या लहानपणी इकडे रेल्वेच नव्हती. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा तुकडा 1993 साली सुरू झाला. तोवर आमची धाव एस.टी.पर्यंत. न पाहिलेल्या इंजिनाचा ड्रायव्हर व्हायचं म्हणजे काय साधी गोष्ट आहे? आजही महाडचं म्हणून जे स्टेशन सांगतात, ते महाडात नाही, वीरला आहे. पोलादपूरकरांच्या नशिबी तेवढंही नाही.

पुढे बी.कॉम. झालो, औद्योगिक वसाहतीजवळच्या शाखेत लागलो आणि इंजिनाच्या शिट्टीऐवजी कारखान्यांचे भोंगे ऐकू लागलो. अशा माणसाला चाळिशी उलटल्यावर चिरंजीवांनी संगणकावर एक खेळ मांडून दिला. म्हणाले, "बाबा, तुम्ही चालवा गाडी."

खेळ जपानचा. जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीच्या नावाने 2022 साली आलेला. यात कोणाला गोळ्या घालायच्या नाहीत, खजिना शोधायचा नाही. ताकासाकी गावाहून हाचिको लाइनवर डिझेलची एक छोटीशी गाडी न्यायची, बस्स. समोर दिसतो तो खऱ्या गाडीच्या काचेतून टिपलेला रस्ता : भाताची शेतं, कौलारू घरं, नद्यांवरचे पूल, लांब डोंगर. आणि एकेरी मार्ग! समोरची गाडी येईपर्यंत स्टेशनात थांबायचं. कोकण रेल्वेच्या प्रवाशाला 'क्रॉसिंग' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. रोहा ते वीर 2021 साली दुहेरी झालं, पण वीरच्या पुढे खाली जाणाऱ्याला तो शब्द अजून उपयोगी पडतो.

शेजारचे काका एकदा येऊन मागे बसले. चार स्टेशनं निमूट पाहिली आणि विचारलं, "उतरायचं कुठे?" म्हटलं, कुठेच नाही. "मग तिकीट कशाला काढलंस?" आतून हिची हाक आली, "अहो, गाडी जरा बाजूला घ्या आणि दूध घेऊन या." गाडी बाजूला घ्यायला लूप लाइन लागते, हे संसारी माणसाला कसं सांगणार?

हा खेळ बनवणारे मिनोरू मुकाइया हे एकेकाळी कासिओपिया नावाच्या वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवत असलेले गृहस्थ. 1995 पासून ते रेल्वेचे असे खेळ काढत आहेत. पेटी वाजवणारा गाडी चालवू शकतो, तर नोटा मोजणाऱ्याने काय घोडं मारलंय? दुसरा खेळ 'देन्शा दे गो'. तो 1996 साली खेळघरांतून आला. त्यात गाडी खुणेच्या किती पुढेमागे थांबली आणि किती सेकंद हुकली, याचा हिशेब होतो. आम्हाला पैशापैशाचा ताळा लावायची सवय. जपान्यांनी तो ताळा घड्याळाला लावला. 2017 साली तोक्योजवळची एक गाडी वीस सेकंद आधी सुटली म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली होती.

तिथले चालक सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात. आपल्याकडेही इंजिनातले दोघे एकमेकांना सिग्नल ओरडून सांगतात. पद्धत चांगली आहे, पण बँकेत चालणार नाही. काउंटरवर चेक हातात धरून "तारीख बरोबर! सही बरोबर! शिल्लक नाही!" असं पुकारलं, तर खातेदार काच फोडून आत येईल.

पण सेकंदांचा हा खेळ नेहमीच खेळ राहत नाही. 25 एप्रिल 2005 रोजी ओसाकाजवळ अमागासाकीला तेवीस वर्षांच्या एका चालकाची गाडी आधीच्या स्टेशनवर खुणेच्या पुढे गेली. ती मागे घेण्यात दीडेक मिनिट गेलं. चुकलेल्या चालकांना तिथे शिक्षेसारखं प्रशिक्षण देत. त्या धास्तीत ब्रेक लागायला उशीर झाला, असं चौकशीत निघालं. सत्तरच्या वळणावर गाडी एकशे सोळाने गेली. चालकासकट 107 माणसं गेली.

आणि त्याच्या आदल्या वर्षी, 16 जून 2004 रोजी, आमच्याच तालुक्यात करंजाडीजवळ रुळावर दरड आली आणि मत्स्यगंधा एक्स्प्रेस पुलावरून कोसळली. माणसं दगावली. आज पावसाळा आला की कोकण रेल्वेचं वेळापत्रकच बदलतं. वेग कमी होतो, रात्रंदिवस गस्तवाले रूळ तपासत चालतात, आणि पाऊस फारच झोडपू लागला तर चालकाने गाडी चाळिसावर आणायची असते. इथे चालकाचं कसब हळू जाण्यात आहे, आणि त्याला गुण द्यायला पडदा नाही.

परवा भर पावसात खेडला जायला वीरला उभा होतो. गाडीला चाळीस मिनिटं उशीर. शेजारचे एक गृहस्थ कडाडले, "जपानात हे चालत नाही!" मी मनातल्या मनात आकडेमोड केली. वीस सेकंदांना एक, तर चाळीस मिनिटांना एकशेवीस माफ्या होतात. तसं त्यांना सांगितलं. "माफी घालायचीय काय चुलीत? गाडी आणा!" ते म्हणाले.

तेवढ्यात गाडी आली, अंधारात जिना उतरणाऱ्या माणसासारखी चाचपत. गृहस्थांनी चढताच खिडकी पकडली, पिशवी मांडीवर घेतली आणि सुटल्यावर पाच मिनिटांत घोरू लागले. बाहेर पाऊस कोसळत होता. करंजाडी केव्हा आलं नि केव्हा गेलं, त्यांना कळलंसुद्धा नाही.