सात लाखांचा वारस



अमृतराव हा रघुनाथराव पेशव्याचा दत्तक मुलगा. मूळचा कोकणातल्या भुस्कुटे घराण्यातला. 1768 मध्ये रघुनाथरावाने त्याला दत्तक घेतले. त्या वेळी रघुनाथरावाला पुढे गादी सांगणारा औरस मुलगा नव्हता आणि पुतण्याशी, थोरल्या माधवरावाशी, वाटणीचा वाद ऐन भरात होता. स्वतःला मुलगा नाही तोवर अर्धे राज्य मागण्यात फारसा जोर नव्हता. दत्तकामुळे तो जोर आला, आणि माधवरावाने त्यातला डाव ओळखला. त्याच वर्षी धोडपला रघुनाथरावाचा, म्हणजे दादासाहेबाचा, पराभव होऊन तो शनिवारवाड्यात अडकून पडला. वंश चालवण्यापेक्षा वाटणी मागण्यासाठीच हे पोर आणले होते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

पुढे माधवरावानंतर पेशवा झालेल्या नारायणरावाचा खून झाला, बारभाई कारभाऱ्यांनी दादासाहेबाला पुण्याबाहेर काढले आणि धार येथे 10 जानेवारी 1775 रोजी त्याची बायको आनंदीबाई हिच्या पोटी बाजीराव जन्मला. अमृतरावाचा प्रश्न त्या दिवशीच निकालात निघाला. दत्तकानंतर औरस मुलगा झाला तर दत्तकाचा हिस्सा घटतो, असे धर्मशास्त्र सांगते. आणि पेशवाईसारखी गादी तर वाटूनही देता येत नाही. वयाने थोरला असलेला अमृतराव हक्काने धाकटा ठरला.

बाजीरावाच्या जन्माला दोन महिने होतात न होतात तोच, 6 मार्च 1775 रोजी, सुरतेच्या तहात दादासाहेबाने साष्टी आणि वसई इंग्रजांना लिहून दिली. जी वसई चिमाजीआप्पाने 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून घेतली, तीच त्याच्या पुतण्याने मदतीच्या मोबदल्यात मांडली. 1780 च्या अखेरीस इंग्रज सेनापती गॉडर्डने ती जिंकलीही. सालबाईच्या तहाने ती मराठ्यांकडे परतली. दादासाहेब आणि बाजीराव या बापलेकांचा वसईशी संबंध असा दोनदा आला, एकदा सुरतेच्या तहात आणि पुढे 1802 च्या वसईच्या तहात, आणि दोन्ही वेळा सौद्यासाठीच. वसईत 1739 चा अभिमान आवर्जून मिरवला जातो, 1802 चा उल्लेख मात्र घाईने उरकला जातो, त्याचे कारणही हेच असावे.

दादासाहेब 1783 मध्ये वारला. त्याची मुले आधी आनंदीबाईबरोबर गोदाकाठच्या आनंदवल्लीत आणि नंतर शिवनेरीवर पहाऱ्यात राहिली. 1795 मध्ये पेशवा सवाई माधवराव निपुत्रिक वारला, तेव्हा या कैद्यांना एकाएकी किंमत आली. नाना फडणविसाने बाजीरावाला टाळण्यासाठी दादासाहेबाच्या सर्वांत धाकट्या मुलाला, चिमाजीला, सवाई माधवरावाच्या विधवेच्या, यशोदाबाईच्या, मांडीवर देऊन 1796 मध्ये पेशवा केले. म्हणजे गादीसाठी दत्तक चालत होते. फक्त अमृतरावाचे चालत नव्हते! वर्षअखेरीस चिमाजी बाजूला होऊन बाजीराव गादीवर आला. आरंभीच्या काळात अमृतराव त्याच्या कारभारात होता, पण भावाभावांचे फार दिवस जमले नाही.

खरी संधी 1802 मध्ये आली. बाजीरावाने आदल्या वर्षी विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिले होते. त्याचा भाऊ यशवंतराव पुण्यावर चालून आला आणि 25 ऑक्टोबरला हडपसरच्या लढाईत त्याने शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. बाजीराव कोकणात उतरला. महाड, सुवर्णदुर्ग, रेवदंडा करत डिसेंबरात इंग्रजी जहाजातून वसईला पोचला. यशवंतरावाला पुण्यात पेशवा हवा होता. त्याने अमृतरावाला जुन्नराहून बोलावले आणि त्याचा मुलगा विनायकराव याला गादीवर बसवून कारभार बापाने पाहावा, असा बेत केला. त्यासाठीचा पैसा मात्र पुणेकरांकडून वसूल झाला, आणि त्या सक्तीच्या वसुलीत अमृतरावाचाही हात होता. त्याची कर्तबगारी सांगताना हे वगळता येणार नाही.

इकडे 31 डिसेंबर 1802 रोजी वसईचा तह झाला. किमान सहा हजारांची तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख, सुरतेवरच्या हक्कांवर पाणी, आणि निजाम व गायकवाडांशी असलेले तंटे इंग्रजांच्या मध्यस्थीने सोडवणे, एवढे कबूल करून बाजीरावाने गादी परत मिळवली. एप्रिल 1803 मध्ये आर्थर वेलस्ली घोडदळ घेऊन तातडीने पुण्याला धावला, कारण अमृतराव शहर जाळणार अशी बातमी होती. शहर वाचले, अमृतराव निघून गेला आणि 13 मेला बाजीराव पुण्यात आला.

इंग्रजांना मात्र असा माणूस शत्रूच्या छावणीत मोकळा ठेवणे परवडणारे नव्हते. ऑगस्ट 1803 मध्ये वेलस्लीने अमृतरावाशी करार केला: सालिना सात लाखांची नेमणूक. तुलनेसाठी एवढेच पाहावे की, एकवीस वर्षे पेशवाई करून 1818 मध्ये शरण आलेल्या बाजीरावाला आठ लाख मिळाले. प्रत्यक्ष गादी आणि गादीवरचा नुसता दावा यांत कंपनीच्या हिशेबी फरक एका लाखाचा.

पुढचे आयुष्य उत्तरेत गेले. अमृतरावाचा मुक्काम काशीला आणि बुंदेलखंडात चित्रकूटजवळच्या करवीला असे. 1824 मध्ये तो वारला. विनायकरावाने करवीला गणेशबाग उभारली. खजुराहोच्या धर्तीची शिल्पे असलेले देऊळ आणि मजल्यांची विहीर तिथे आजही पाहायला मिळतात. ज्याला काही काळ पेशवा म्हणून पुढे केले, त्याची खरी निशाणी ही बाग.

1853 मध्ये विनायकराव वारला आणि नेमणूक बंद झाली. त्याच्या मागे नारायणराव आणि माधवराव हे दत्तक होते. दोनच वर्षांपूर्वी बिठूरला बाजीरावाचे आठ लाख त्याच्या दत्तकाला, नानासाहेबाला, नाकारले गेले होते, त्याचीच ही पुनरावृत्ती. 1857 च्या उठावात करवीही सामील झाली. जून 1858 मध्ये जनरल व्हिटलॉक आला तेव्हा फारसा प्रतिकार झाला नाही. हाती लागला तो अमृतराव-विनायकरावांनी साठवलेला प्रचंड खजिना. नारायणराव हजारीबागेत कैदेत वारला. माधवराव लहान म्हणून त्याला माफी मिळाली. खजिना कोणत्या सैन्याने वाटून घ्यायचा यावर इंग्रज सेनापतींमध्येच जुंपली आणि तो दावा लंडनला न्यायाधीश लशिंग्टन यांच्यापुढे चालला. 1866 मध्ये निकाल लागला तो मुख्यतः व्हिटलॉकच्या फौजेच्या बाजूने.