नाव मिळालं, आता साक्ष कोण देणार?

दरवर्षी १४ जानेवारीला आम्ही बीडहून औरंगाबादला विद्यापीठाच्या गेटवर जातो. निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, भाषणं, रात्री उशिरापर्यंत भीमगीतं. पोचिराम कांबळे, जनार्दन मवाडे, गौतम वाघमारे यांची नावं घेताना आजही गळा दाटून येतो. २७ जुलै १९७८ला विधिमंडळात ठराव झाला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत आमच्या वस्त्यांनी जाळपोळ, बहिष्कार, तुरुंग सगळं सोसलं. एका विद्यापीठाच्या नावासाठी माणसं मेली, असं जगात फार ठिकाणी घडलेलं नाही.

पण त्याच दिवशी आमच्या जिल्ह्यात काय चित्र असतं? अर्ध्या वस्त्यांना कुलूप. जानेवारी म्हणजे गाळपाचा ऐन हंगाम. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूरची माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडात असतात. म्हातारी माणसं तेवढी घर राखत बसलेली. आम्ही गेटवर घोषणा देत असतो, तेव्हा आमचीच आई-बहीण मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढत असते.

म्हणून एक प्रश्न आम्हाला छळतो. ज्या विद्यापीठासाठी एवढं रक्त सांडलं, त्या विद्यापीठाच्या वर्गात बसणारी आमची मुलं या कुलूपबंद घरांचा अभ्यास का करत नाहीत? हा आरोप विद्यापीठावर नाही, आधी तो आमच्यावर आहे. आमच्यातल्या अनेकांचे शोधनिबंध ‘बाबासाहेबांचे अमुकविषयक विचार’ या शीर्षकाचे असतात. बाबासाहेबांच्या विचारांवर लिहिणं सोपं आहे, बाबासाहेबांसारखं लिहिणं अवघड आहे.

बाबासाहेबांनी संशोधन कसं केलं ते पाहा. ९ मे १९१६ला कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी जातीच्या उगमावर निबंध वाचला. ते मानववंशशास्त्र. १९१८मध्ये लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लिहिलं. ते शेतीचं अर्थशास्त्र. १९२३मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आला, म्हणजे चलनशास्त्र. त्याच काळात बॅरिस्टरही झाले. एक माणूस इतक्या विद्याशाखांत का फिरला? विद्वत्ता मिरवायला नव्हे. जात एकाच विद्याशाखेत मावत नाही म्हणून.

आणि हे संशोधन कपाटात राहिलं नाही. १९१९मध्ये साऊथबरो समितीपुढे, १९२५मध्ये चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे, १९२८मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते १९२९मध्ये खानदेशात फिरले. चाळीसगावला टांग्यातून पडून त्यांचा पाय मोडला तो याच दौऱ्यात. टांगा हाकणारा नवखा होता, कारण सराईत टांगेवाले अस्पृश्याला बसवायला तयार नव्हते. अभ्यास करायचा आणि त्याची साक्ष करायची, ही खरी आंबेडकरी संशोधनपद्धती.

आता बीडकडे या. २०१९मध्ये ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याच्या बातम्यांनी देश हादरला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा बायांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशात सुमारे ३ टक्के होतं.  गावागावांत बाया हे वर्षानुवर्षं सांगतच होत्या, पण आकडा नव्हता तोवर ती ‘बायकांची कुजबुज’ होती.

पण आकडा ‘किती’ ते सांगतो, ‘का’ ते सांगत नाही. गेल्या वर्षी आमच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, मला हा विषय ‘आविष्कार’मध्ये मांडायचाय. कोणत्या गटात टाकू?” राजभवनाच्या पुढाकाराने २००६पासून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा होते. विद्यार्थी आणि शिक्षक दोघंही त्यात उतरतात, विषयांचे सहा गट असतात. गर्भपिशवी म्हणजे वैद्यकशास्त्र. उचल म्हणजे वाणिज्य. मुकादमाचा करार म्हणजे कायदा. ऊस म्हणजे कृषी. आणि जात? ती सगळ्या गटांत आहे आणि कुठल्याच गटाच्या नावात नाही. आम्हाला उत्तर देता आलं नाही. आम्ही म्हटलं, आधी वस्तीत जाऊ.

दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघण्यापूर्वी आम्ही एका वस्तीत गेलो. सोबत पाच पोरं-पोरी होत्या. एक नर्सिंगची, एक कॉमर्सचा, एक लॉचा, एक मायक्रोबायोलॉजीची आणि एक मराठीचा. पहिल्याच घरात मावशी म्हणाल्या, “बाळा, तुम्ही लिहून नेता, पण ते कागद जातात कुठं?” आम्ही गप्प बसलो.

नर्सिंगच्या पोरीला मावशींनी सगळं सांगितलं. कोपीजवळ ना पाणी ना आडोसा, अंगावरून जाणं, पाळीत एक दिवस बसलं की खाडा, मग डॉक्टरने घातलेली कॅन्सरची भीती. तिने लिहिलं : शस्त्रक्रिया. कॉमर्सच्या पोराने मुकादमाच्या हिशेबाची चिठ्ठी मागितली. ऑपरेशनचे पैसे त्यात नवऱ्याच्या उचलीखाली चढवलेले होते. लॉच्या पोराने करारावरच्या सह्या विचारल्या. सही एकट्या नवऱ्याची. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, पण कागदावर माणूस एकच. मायक्रोबायोलॉजीच्या पोरीच्या लक्षात आलं की पाण्याचा नमुना घ्यायला फडावरच जावं लागेल. मराठीचा पोरगा मावशींचे शब्द जसेच्या तसे उतरवत होता, नाहीतर ‘खाडा’ची ‘अनुपस्थिती’ झाली असती आणि त्यातला दंड गायब झाला असता.

रात्री पाचही वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा उमगलं. एकीच्या वहीत बाई रुग्ण होती, दुसऱ्याच्या वहीत कर्ज होती, तिसऱ्याच्या वहीत ती नव्हतीच. पाच वह्या एकत्र आल्या तेव्हा दिसलं की जी बाई कागदावर मजूरच नाही, तिचा अवयव मात्र कर्ज म्हणून कागदावर चढला आहे. आणि ते कर्ज फेडायला तिलाच पुन्हा फडात जायचं आहे.

हंगाम संपल्यावर आम्ही परत गेलो आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. मावशींनी दोन चुका काढल्या. “खाड्याचे पैसे यात धरलेच नाहीत तुम्ही.” आमच्या पाच पदव्यांना ते सुचलं नव्हतं.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, हे कागदी काम आहे, चळवळ रस्त्यावर होते. मित्रांनो, रस्ता आम्हीही सोडलेला नाही. बार्टीच्या २०२१च्या तुकडीतल्या ८६१ संशोधकांना अधिछात्रवृत्तीसाठी आझाद मैदानात ठाण मांडून बसावं लागलं, तेव्हा आम्ही त्यांच्या बाजूने होतो. संशोधनाचा पैसा हा हक्क आहे, तो भांडूनच घ्यायचा. पण भांडून मिळवलेल्या त्या पैशातून काय लिहायचं, याचा हिशेबही समाजाला द्यायचा. मोर्चा एका दिवसात पांगतो. आमचा आकडा आमच्याकडे नसेल तर दुसऱ्या दिवशी त्यांचा आकडा खरा ठरतो.

म्हणून बीडमधल्या प्रत्येक विद्यार्थ्याला आणि प्राध्यापकाला आमचं सांगणं आहे. एकट्याने विषय घेऊ नका, दुसऱ्या शाखेचा एक जोडीदार घ्या. वस्तीत दोनदा जा, एकदा विचारायला आणि एकदा वाचून दाखवायला. इंग्रजीत छापा, पण मराठीत परत आणा. आणि त्याची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात पोच घेऊन द्या, म्हणजे ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ असं कुणी म्हणू शकणार नाही.

येत्या १४ जानेवारीला आम्ही गेटवर जाणारच आहोत. यंदा झेंड्यासोबत त्या पाच वह्याही नेणार आहोत. त्या विद्यार्थिनीने अर्ज अजून भरलेला नाही. गटाच्या रकान्यात काय लिहायचं ते तिने अजून ठरवलेलं नाही, पण संशोधकांच्या नावांत तिला मावशींचं नाव घालायचं आहे.

जयभीम!