कोपऱ्यातलं अक्षर

परवा शहाद्याहून नंदुरबारला येताना एसटीच्या खिडकीतून भिंती वाचत आलो. जुनी सवय. बियाणं, सिमेंट, पाइप, मध्येच पुसट झालेलं निवडणूक चिन्ह. या रंगवलेल्या जाहिरातींचा मला कधी राग आला नाही. काहीतरी विकायचंय, हे त्या लपवत नाहीत.

मी फसलो तो छापील कागदावर. वर्तमानपत्राचं नाव सांगत नाही. सात-आठ वर्षं झाली असतील. अर्धं पान मजकूर, बातमीसारखा मथळा, बऱ्या झालेल्या रुग्णांचे फोटो. मधुमेह मुळासकट जातो म्हणे! आमच्या हिला मधुमेह होताच. मी तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, चूर्ण मागवलं आणि तिच्या गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांत तिला दवाखान्यात भरती करावं लागलं. डॉक्टर माझ्यावर चांगलेच रागावले. ती मात्र एवढंच म्हणाली, "तुम्ही वाचून दाखवलंत, म्हणून घेतलं."

मंडळी, मी जन्मभर मुलांना मराठी शिकवलं. ते वाक्य अजून टोचतं.

घरी आल्यावर रद्दीतून ते पान शोधून काढलं. वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'जाहिरात' असं छापलेलं होतं.

मग म्हातारपणी विद्यार्थी झालो. कळलं ते असं, की मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. म्हणजे मी शाळेत जायच्याही आधीपासून! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि तिची भलामण करणारा नटही त्यातून सुटत नाही.

जाहिरात वाईटच, असं मी म्हणणार नाही. विविध भारतीवर १९६७ साली जाहिराती आल्या, दूरदर्शनवर १९७६ साली. त्यांच्या चाली आपण सगळ्यांनीच गुणगुणल्या. वर्तमानपत्र आपल्याला थोडक्या पैशांत मिळतं, कारण छपाईचा बराचसा भार जाहिरातदार उचलतो. पण तिने बातमीचे कपडे घातले की घोटाळा होतो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं होतं, की एका नेत्याची स्तुती वेगवेगळ्या मराठी दैनिकांत शब्दन् शब्द सारखीच छापून आली होती. तिथे तर कोपऱ्यातलं ते अक्षरही नव्हतं.

वर्गात मी मुलांना ऱ्हस्व-दीर्घ शिकवलं, कवीचा आशय शिकवला. हा मजकूर कोणाच्या पैशाने छापला, हे विचारायला मात्र कधीच शिकवलं नाही. उलट "पुस्तकात छापलंय ना?" हे माझं ठरलेलं उत्तर असे. अक्कलकुवा-धडगावकडच्या कितीतरी घरांत माझा विद्यार्थी हाच घरातला पहिला वाचणारा. त्याने वाचून दाखवलेलं सगळं घर खरं मानत असणार. आमच्या हिने मानलं, तसंच. आणि आता मोबाइलवर तर कोपरा शोधायचा कुठे, हेही कळत नाही.

असो. आमची ही आता बरी आहे, गोळ्या वेळेवर घेते. रोज सकाळी मी पेपर उघडला की स्वयंपाकघरातून आवाज येतो,

"आधी कोपरा वाचा!"