उतरलंच पाहिजे असं नाही

सर्किटमध्ये सगळ्यात धोक्याची जागा कोणती, असं नव्या विद्यार्थ्याला विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं : चाकं टेकतात ती. इन्स्ट्रक्टरच्या उजव्या सीटवर बसून माझं मत वेगळं झालं आहे. विमान धावपट्टीवर आपटलं तर बहुधा टायर जातो, नोजव्हील वाकतं, फार तर प्रोपेलर घासतो. जीव जातो तो त्याच्या मिनिटभर आधी, साधारण 500 फुटांवर, बेसवरून फायनलला वळताना.

सर्किट म्हणजे धावपट्टीभोवतीचा आकाशातला आयत. टेकऑफ करायचं, डावीकडे वळायचं, जमिनीपासून 1000 फुटांवर धावपट्टीला समांतर उलट दिशेने जायचं, हा डाउनविंड. मग धावपट्टीच्या बाजूला वळून उतरत बेस, आणि शेवटचं वळण घेऊन धावपट्टीसमोर फायनल. शिकाऊ पोरं हेच पुन्हा पुन्हा करतात. एका वेळी तीन-चार विमानं त्याच आयतात फिरत असतात, आणि आमच्यासारख्या छोट्या विमानतळावर प्रत्येकाने आपली जागा रेडिओवर सांगायची आणि दुसऱ्याला डोळ्यांनी शोधायचं असतं.

मे महिन्यातली एक दुपार सांगते. पश्चिमेला तोंड असलेली धावपट्टी, वारा नैर्ऋत्येचा. सोलोच्या, म्हणजे एकट्याने उडण्याच्या, उंबरठ्यावर आलेला एक मुलगा डाव्या सीटवर होता. डाउनविंडवर वारा त्याला हळूहळू धावपट्टीकडे ढकलत होता आणि त्याचं लक्ष चेकलिस्टमध्ये. आयत अरुंद झाला होता. बेसला वळल्यावर तोच वारा पाठीशी आला. खाली नांगरलेली काळी रानं तापलेली, त्यामुळे विमान उचललं जात होतं. ते खाली आणण्याच्या नादात वळणाची वेळ निघून गेली. नाक धावपट्टीच्या रेषेपलीकडे गेलं.

उन्हाळ्यात पठारावर आणखी एक गोष्ट घडते, ती वर्गात फळ्यावर शिकवूनही डोक्यात उतरत नाही. धावपट्टी समुद्रसपाटीपासून 2000 फूट उंचीवर आणि तापमान 40 अंश असेल, तर हवा साडेपाच हजार फुटांवर असावी इतकी विरळ होते. वेगाचा काटा नेहमीचेच 65 नॉट दाखवतो, पण विमान प्रत्यक्षात त्याहून आठेक टक्के जास्त वेगाने जात असतं, आणि पंख तेवढेच कलवून घेतलेलं वळण सतरा-अठरा टक्के मोठं पडतं. म्हणजे जानेवारीच्या सकाळी बरोबर जमलेलं वळण मे महिन्याच्या दुपारी रेषा ओलांडणारच. जमीन भराभर मागे पळताना दिसते म्हणून मूल घाबरून वेग आणखी कमी करतं, ते वेगळंच.

त्या मुलाने मग जे केलं, ते जवळपास सगळेच करतात. जमिनीजवळ जास्त कलायची भीती वाटते, म्हणून कल तसाच ठेवून डाव्या पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, दाबला, नाक धावपट्टीकडे ओढायला. कल वाढू लागला तसा हाताने एलरॉन, म्हणजे पंखांच्या कडेची झडप, उलट बाजूला दिला. नाक खाली गेलं, ते त्याने मागे ओढलं. वळण घसरतंय का ते दाखवणारा पॅनेलवरचा बॉल उजवीकडे पळाला. अशा घसरत्या वळणात आतला पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल तुटते, आणि विमान त्याच बाजूला उलटून गिरक्या घेत स्पिनमध्ये जातं. एका फेरीच्या स्पिनमधून बाहेर यायला सेसना 152 ला साधारण 1000 फूट लागतात. आमच्याकडे त्याच्या निम्मेही नव्हते.

“आय हॅव कंट्रोल्स,” म्हणून मी रडर सोडवला, नाक किंचित पुढे दिलं, पंख सरळ करून पूर्ण थ्रॉटल दिला. विमान वर निघालं. यालाच गो-अराउंड म्हणतात : उतरणं सोडून वर जायचं आणि नवी फेरी घ्यायची.

खाली आल्यावर मी विचारलं, “अरे, वळण चुकलंय हे तुला कळलं होतं ना?”

“हो मॅम.”

“मग गो-अराउंड का नाही केलंस?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मॅम, आजची लँडिंग कमी पडली असती. घरी बाबा रोज विचारतात, किती झाली.”

त्याचं हे उत्तर मला सगळ्या वायुगतिकीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. कमर्शियल लायसन्सला आपल्याकडे 200 तास लागतात, तासाचे पैसे मोजावे लागतात, आणि कित्येक घरांनी त्यासाठी शेत किंवा फ्लॅट गहाण ठेवलेला असतो. अशा पोराला गो-अराउंड म्हणजे वाया गेलेली फेरी वाटते. बिघडलेलं वळण तो वाचवायला जातो, कारण उतरणं हेच काम आहे असं आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला शिकवलेलं असतं.

समोर दुसरं विमान असेल तेव्हाही उतरणं वेळीच सोडावं लागतं. 18 ऑगस्ट 2022 ला कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल इथे, टॉवर नसलेल्या विमानतळावर, सर्किटमधलं सेसना 152 आणि लांबून सरळ आत येणारं दोन इंजिनांचं सेसना 340 फायनलवर एकमेकांवर आदळली. तीन माणसं गेली. दोन्ही विमानांचे वैमानिक रेडिओवर आपली जागा सांगत होते. 152 च्या वैमानिकाने शेवटी गो-अराउंड करत असल्याचं सांगितलंही होतं. पण 340 सर्किटच्या मानाने फार वेगात होतं आणि वेळ उरला नव्हता. जुलै 2025 मध्ये कॅनडातल्या स्टाइनबाखजवळ टेकऑफ-लँडिंगचा सराव करणारे दोन शिकाऊ वैमानिक असेच हवेत धडकून गेले. त्यातला एक केरळचा मुलगा होता. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या ब्रीफिंग रूममध्ये कुणी फारसं बोललं नाही.

म्हणून मी पोरांना सांगते : पुढचं विमान दिसत नसेल तर बेसला वळू नका. डाउनविंड लांबवा, विचारा. बेसवर असताना धावपट्टीकडेच टक लावू नका, उजवीकडे लाँग फायनलवर कुणी येतंय का ते पाहा. आणि रेषा ओलांडली गेली, तर ते लँडिंग तिथेच संपलं. सोलोला सोडण्याआधी मी एकच गोष्ट पाहते : मी काही न बोलता याने स्वतःहून गो-अराउंड केलं का. त्या मुलाला मी पुढे सोलोला सोडलं, ते त्याने पुढचं विमान धावपट्टीवरच रेंगाळलेलं पाहून, मला न विचारता थ्रॉटल पुढे सारला त्यानंतरच.

आमच्या प्रगतिपत्रकात लँडिंगच्या संख्येचा रकाना आहे, गो-अराउंडचा नव्हता. तो असावा, आणि त्या फेरीचे पैसे विद्यार्थ्याकडून घेऊ नयेत, असं मी वरिष्ठांना लिहून दिलं आहे. रकाना मंजूर झाला. पैशांचं अजून अडलं आहे. पुढच्या बैठकीत मी तो विषय पुन्हा काढणार आहे.