बाजेचं सुंभ

निघोजच्या कुंडावर पहिल्यांदा आलेला माणूस काठावरनं खाली बघतो आणि जरा वेळ गप्पच होतो. आमच्या कुकडीनं तिथला काळा पाषाण असा कोरलाय, की कुणी रांजणाला रांजण खेटून पुरून ठेवलेत असं वाटावं. अलीकडं आमचं निघोज, पारनेर तालुका. पलीकडं टाकळी हाजी, शिरूर तालुका. मधून नदी आणि दोन्ही काठांवर मळगंगेची देवळं.

आजीच्या लेखी हे रांजण देवीचे. ती सांगायची, "सात बाजांचं सुंभ एकाला एक बांधून सोडलं तरी तळ लागत न्हाई. वाकून बघणाऱ्याला आत वढून घेतंय." चैत्र वद्य अष्टमीला देवीच्या यात्रेत बारवेतून घागर निघते, यावर तिची जन्माची श्रद्धा. तिला बिनतळाच्या रांजणाचं काय नवल?

आठवीत असताना भूगोलाच्या गुरुजींनी आमचा वर्ग कुंडावर नेला. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून हा खडक झाला, म्हणाले. खडकात कुठं चीर, कुठं मऊ जागा. पुराचं पाणी तिथं भोवरा धरतं, त्यात गोटे सापडतात आणि जात्यासारखे गरागरा फिरत खडक घासतात. वर्षानुवर्षं असं चाललं की खळग्याचा रांजण होतो. एका कोरड्या खळग्यातला गुळगुळीत गोटा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "ही बघ, नदीची छिन्नी."

गोटा मी घरी आणला. आजी म्हणाली, "देवीचा हाय, जाग्यावर ठिवून ये." मी कुठला ठेवतोय! मला शहाणपण आलं होतं.

उन्हाळ्यात नदीची धार बारीक झाली, पण रांजण भरलेलेच होते. बैलाच्या कासऱ्याला विहिरीचा दोर जोडला, टोकाला धोंडा बांधला आणि काठावर पालथा पडून एका रांजणात सोडला. सोळा हातांवर धोंडा टेकला. घरी येऊन ओट्यावरच जाहीर केलं, "आजी, सोळा हात! एका बाजेचं सुंभसुद्धा उरलं असतं."

आजी डाळ निवडत होती. काही बोलली नाही. शेजारी बसलेला माझा नऊ वर्षांचा चुलतभाऊ मात्र डोळे मोठे करून ऐकत होता.

पंधरा दिवसांनी तो गुरं राखणाऱ्या पोरांबरोबर तिथं गेला. तळ आहे म्हटल्यावर भ्यायचं कशाला? पाण्यानं घासून घासून तिथल्या खडकाला तूप लावल्यासारखी चकाकी आलेली असते. पाय सरकला. पाणी काठापासून फार खाली नव्हतं, पण रांजणाच्या आतल्या अंगाला धरायला ना कोपरा ना कपार. पोरं ओरडली. पलीकडं मेंढरं चारणारा एक धनगर धावत आला. त्यानं डोईचा पटका सोडून आत टाकला आणि पोराला वर ओढलं. घोंगडीत गुंडाळून घरी आणलं, तेव्हा त्याचे दात वाजत होते.

"तिकडं कशाला मरायला गेला हुतास?" चुलत्यानं विचारलं.

"दादा म्हणला हुता, तळ हाय म्हणून."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला कुणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

आजीनं त्याच्या सोललेल्या कोपरांना हळद लावली. रात्री अंगणात मी तिच्या बाजेपाशी जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आरं, तळ आसंल की. मी काय मापाया गेले न्हवते. पर बुडायला सात बाजा लागत्यात व्हय? माझ्या सासूनं मला सांगितलं, म्या तुझ्या बापाला सांगितलं. तो कवा त्या काठाला गेला न्हाई."

दुसऱ्या दिवशी गोटा होता त्या खळग्यात ठेवून आलो. देवीच्या भीतीनं नव्हे. गुरुजींच्या हिशेबानं त्याचं काम अजून व्हायचं होतं.

आता नातवंडांना घेऊन जातो. झुलत्या पुलावर फोटो काढून झाले की त्यांना लाव्हा, भोवरा, गोटे सगळं समजावतो. पण काठाजवळ जायच्या आधी सात बाजांची गोष्ट सांगतो. धाकटी नात विचारते, "आबा, खरंच तळ नाही?"

"सुंभ आणून मोजू एकदा," मी म्हणतो. "तोवर मागं सर. माझा हात धर."