फुरसत कुणाची?

चळवळीच्या अंकात मोर्चा येतो, परिषद येते, अत्याचाराची बातमी येते. यायलाच पाहिजे. पण घर येत नाही. घरात काय शिजतं, पुस्तक कोण वाचतं, टीव्हीसमोर कोण बसतं आणि कोण उभं राहतं, हे कुणी लिहीत नाही. म्हणून मी लिहिते. तरुण कार्यकर्त्यांना हा विषय किरकोळ वाटेल. वाटू दे. वाचा मात्र शेवटपर्यंत.

वरळीच्या बीडीडी चाळीत आमची १६० चौरस फुटांची खोली. माणसं सात. बा गिरणीत, आये चार घरची धुणीभांडी करायची. रविवारी बा वजडी आणायचा. मटण परवडत नव्हतं, वजडी परवडायची. ती साफ करणं म्हणजे कंबरडं मोडणारं काम. आधी नळाखाली उलटीपालटी करून घाण काढायची. मग कढत पाण्यात बुडवायची, चुना लावायचा आणि सुरीनं खरवडायची. काळा पापुद्रा निघाला की खालून पांढरी वजडी दिसायची. बारीक तुकडे करायचे. कांदा, सुकं खोबरं भाजून लसूण-मिरचीसंगं पाट्यावर वाटायचं. शिजायला वेळ लागायचा आणि स्टोव्हमधलं रॉकेल तर मोजकं. पण ते कालवण आणि भाकरी पुढं आली की सात माणसांत कुणी बोलत नसे. हे सुख होतं. गरिबीचं कौतुक म्हणून सांगत नाही. आमच्या जिभेला चव होती, एवढंच सांगते.

चाळीत त्या वासाची लाज कधी वाटली नाही. सगळी चाळच तो वास घ्यायची. लाज बाहेरच्यांनी शिकवली. लग्नानंतर उपनगरात भाड्याची खोली बघायला गेलो, तर घरमालकानं आधी आडनाव विचारलं, मग विचारलं, "जेवणात काय काय चालतं?" प्रश्न दोन, अर्थ एकच. खोली मिळाली नाही.

आमची आजी गावाकडं चान्या करायची. मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या आणि पावसाळ्यात पुरवून खायच्या. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. आजीच्या घरानं सोडलं. उपाशी राहून सोडलं. ते आपण आपल्या हातानं, आपल्या इज्जतीसाठी सोडलं. आता २०१५ चं बघा. राज्यात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्यानं बंदच होती, २०१५ साली त्यात बैल आणि वळूही आले. हे कुणी आपल्याला विचारून केलं नाही. सोडणं आणि हिसकावून घेणं यात फरक आहे. ताटात काय असावं हे दुसऱ्यानं ठरवायचं, ही गावकीचीच रीत.

आता वाचनाचं. बा चौथी शिकलेला, आये अंगठाबहाद्दर. १९७८ ला 'बलुतं' आलं तेव्हा माझा थोरला भाऊ ते कुणाकडून तरी मागून घेऊन आला. रात्री तो मोठ्यानं वाचायचा आणि आये भाकऱ्या थापत ऐकायची. मध्येच हात थांबायचा. एकदा म्हणाली, "हे तर आपलंच हाय की रं. याचं बी पुस्तक व्हतंय व्हय?" वाचनाचा आनंद म्हणतात तो मी त्या दिवशी पाहिला. ज्या बाईला अक्षर येत नव्हतं तिच्या तोंडावर पाहिला.

टीव्हीचंही तसंच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण आमच्या मजल्यावर पहिला टीव्ही आला तो बऱ्याच वर्षांनी. ज्यांच्याकडं होता त्यांच्या दारात आम्ही पोरं दाटीवाटीनं बसायचो. दार कधी उघडं, कधी बंद. १९८२ चा गिरणी संप झाला आणि बाची नोकरी गेली. तरी भावानं पुढं हप्त्यावर ब्लॅक अँड व्हाइट सेट आणला. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं. आयेही बघायची. भाऊ चिडायचा. "आपल्या घरात हे कशाला?" म्हणायचा.

त्याच वर्षी राज्य सरकारनं बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला. 'रिडल्स'चा. राम-कृष्णावरचा भाग गाळा म्हणून ओरड झाली. १९८८ च्या सुरुवातीला मुंबईत आपला प्रचंड मोर्चा निघाला. भाऊ त्यात होता. घरी आल्यावर त्यानं आयेला त्या प्रकरणाचा अर्थ मराठीत समजावून सांगितला. शंबूकाचा शिरच्छेद सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी टीव्हीसमोर बसली आणि विचारलं, "शंबूक कवा येनार?"

भावाला उत्तर देता आलं नाही. मला ते अजून आठवतं. पडद्यावर जे दाखवतात ते माणूस मुकाट गिळतो असं आपण समजतो. तसं नसतं. हातात पुस्तक पडलं की तीच बाई पडद्याला प्रश्न विचारते. म्हणून टीव्ही फोडू नका, मोबाईल फेकू नका. शेजारी पुस्तक ठेवा.

पण पुस्तक वाचायला वेळ लागतो, आणि तो वेळ घरात कुणाला असतो? १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरच्या ग्रंथात बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला आहे. यंत्र पाहिजे, कारण यंत्र फुरसत देतं. फुरसत असेल तरच माणूस जनावरासारखं जगणं सोडून संस्कृतीकडं वळतो. मजूरमंत्री म्हणून त्यांनी कामगाराच्या आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालण्यासाठी खटपट केली. गिरणीतल्या बाला तास मिळाले. आयेला कुणी दिले? रविवारची वजडी सगळ्यांनी खाल्ली, पण तिचा रविवार ती साफ करण्यात गेला. आम्ही टीव्हीसमोर बसायचो, ती स्टोव्हपाशी उभी राहून मान वळवून बघायची.

फलटणच्या बेबीताई कांबळे आठवा. किराणा दुकान सांभाळायच्या, पुड्या बांधायला आलेली रद्दी वाचायच्या. लिहिलेलं कैक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. त्याचं 'जिणं आमुचं' झालं. आपल्या माणसाच्या, आपल्या घरात, बाबासाहेबांच्या लेकीला लपून लिहावं लागलं. हा दोष मनूवर ढकलून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

दोस्तांनो, तुम्ही अभ्यासवर्ग घेता. रात्री अकराला पाच जणांना घेऊन घरी जाता आणि म्हणता, "आई, चहा टाक." मग आत फुलेंवर चर्चा चालते. ती दाराआडून ऐकते. माझा पोरगाही चळवळीत आहे. त्याला मी वजडी साफ करायला शिकवली. चुना किती, पाणी किती कढत, सगळं. आता रविवारी तो वजडी घासतो आणि मी चष्मा लावून वाचत बसते. कालवणात मीठ कमी पडतं कधी कधी. चालतं.

पुढचा अभ्यासवर्ग ठरवाल तेव्हा चहाची पाळी कुणाची तेही वहीत लिहा. आणि आईला आत बोलवा, पुस्तक तिच्या हातात द्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.

जयभीम.